‘सी’ची गोत्रं

मित्रहो,

आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे, आणि तोही देवनागरीत एका अक्षरात मावणारा: ‘सी’. माद्रिदमध्ये ‘सी’ म्हणजे ‘होय’. पॅरिसमध्ये बहुतेक वेळा ‘जर’, पण कधीकधी ‘होय’सुद्धा. स्लोव्हेनियात ‘तू आहेस’. अल्बानियात ‘कसा’, कारण तिथं ‘सी ये?’ म्हणजे ‘कसा आहेस?’ नॉर्वेत ‘सी’ म्हणजे ‘सांगणं’. इतकी वेगवेगळी माणसं एकाच आडनावाची निघाली की आपण साहजिकच गोत्र विचारतो. आज तेच करायचं आहे. काही ‘सी’ सख्खी भावंडं आहेत, काहींची निव्वळ चेहरेपट्टी जुळली आहे, आणि दोन ‘सी’ असे आहेत की त्यांचं नातं थेट आपल्या घरापर्यंत येतं.

सुरुवात लॅटिनपासून करू. लॅटिनमध्ये ‘होय’ला स्वतंत्र शब्दच नव्हता. रोमन माणसाला ‘येतोस का?’ असं विचारलं तर तो ‘येतो’ म्हणायचा, म्हणजे क्रियापदच परत उच्चारायचा. आपणही रोज हेच करतो. ‘चहा घेणार?’ ‘घेणार.’ पोर्तुगालमध्ये आजही असंच उत्तर देतात. क्रियापद परत उच्चारायचं नसेल तर रोमन माणूस ‘इता’ म्हणे किंवा ‘सिक’ म्हणे, आणि दोन्हींचा अर्थ ‘तसं’, ‘असंच’. आपला ‘होय’ तरी वेगळा कुठे आहे? तो संस्कृत ‘भवति’ आणि प्राकृत ‘होइ’ यांच्यातून आला. ‘आहे’, ‘असतं’ हे सांगणारं क्रियापदच आपण संमतीसाठी वापरायला लागलो.

आता हा ‘सिक’ उघडून पाहू. जुन्या लॅटिनमध्ये ‘सेइ’ असा एक शब्द होता. अर्थ ‘त्या रीतीनं’, ‘तसं’. त्याला ‘के’ हा बोट दाखवणारा प्रत्यय लागला आणि ‘सिक’ तयार झाला: ‘हे असं’. प्रत्यय न लागलेला ‘सेइ’ पुढे ‘सी’ झाला, आणि त्याचा अर्थ झाला ‘जर’. म्हणजे ‘असं’ आणि ‘जर’ एकाच आईची लेकरं.

‘तसं’ या अर्थाचा शब्द ‘जर’ कसा होऊ शकतो, असा प्रश्न मनात येईल. उत्तर मराठीतच आहे. ‘पाऊस आला तर मी येणार नाही.’ या वाक्यात ‘जर’ कुठे आहे? नाही. ‘तर’ म्हणजे मुळात संस्कृत ‘तर्हि’, म्हणजे ‘त्या वेळी’, ‘तसं झाल्यावर’. तो एकटाच इथं अटीचा सगळा भार उचलतो. ‘तसं’पासून ‘अट’ हे अंतर आपण बोलताना इतक्या सहज पार करतो की त्याची जाणीवही होत नाही. रोमन लोकांनीही तेच केलं.

आता एका प्रसंगाकडे वळतो. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त तो प्रसंग आवडतो, म्हणून तिथं जरा थांबणार आहे. १४ फेब्रुवारी ८४२, गाव स्ट्रासबुर्ग. सम्राट शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, आपला थोरला भाऊ लोथार याच्याविरुद्ध एकत्र आले आहेत. दोघांची सैन्यं समोरासमोर उभी आहेत. लुईचे सैनिक जर्मानिक बोली बोलतात, चार्ल्सचे सैनिक लॅटिनमधून फुटलेली रोमान्स बोली. दोन्ही भावांना शपथ घ्यायची आहे, आणि ती समोरच्या सैन्याला कळली पाहिजे. म्हणून लुई रोमान्स बोलीत शपथ घेतो आणि चार्ल्स जर्मानिक बोलीत. शार्लमेनचाच आणखी एक नातू, निथार्ड, या शपथा शब्दशः लिहून ठेवतो. ज्या बोलीतून पुढे फ्रेंच घडली तिचा हा सर्वात जुना लिखित नमुना.

आता त्या मजकुरातले ‘सी’ ऐका. लुई म्हणतो, ‘सी साल्वाराइ एओ’, म्हणजे ‘तसा मी सांभाळीन’. कुणाला? ‘सिस्त मेओन फ्राद्रे कार्लो’, या माझ्या भावाला, कार्लोला, म्हणजे चार्ल्सला. ‘फ्राद्रे’मध्ये आपला ‘भ्राता’ ऐकू येतोच. हा ‘सी’ म्हणजे जुना ‘सिक’. थोडं पुढे गेलं की ‘आल्त्रेसी’ येतो, म्हणजे ‘तसंच’, ‘त्यानंही माझ्यासाठी तसंच करावं’. त्याच्याही पोटात तोच ‘सिक’. नंतर चार्ल्सचे सैनिक शपथ घेतात आणि त्यांचं वाक्य सुरूच होतं ‘सी’नं: ‘जर लुईनं आपल्या भावाला दिलेली शपथ पाळली आणि माझा धनी चार्ल्स यानं मोडली, तर मी त्याला लुईविरुद्ध मदत करणार नाही.’ हा ‘सी’ म्हणजे ‘जर’. शतकानुशतकं वेगळे राहिलेले दोन भाऊ लॅटिनचे शेवटचे व्यंजन गळाल्यामुळे पुन्हा एकाच रूपात, एकाच कागदावर आले. राजाची हमी एका ‘सी’त, सैनिकाची अट दुसऱ्या ‘सी’त. शब्दांचा इतिहास लोकांना कोरडा वाटतो. मला तो या मजकुरात जिवंत दिसतो.

मग ‘सिक’चा ‘होय’ कुठे झाला? हे इटालियन कवी दांतेनं सांगून ठेवलं आहे. चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं लोकभाषेबद्दल लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला, तो अपुराच राहिला. त्यात युरोपच्या भाषांची वाटणी त्यानं ‘होय’च्या शब्दावरून केली आहे. उत्तरेकडचे लोक ‘यो’ म्हणतात, आणि दक्षिणेकडे कुणी ‘ओक’ म्हणतात, कुणी ‘ओइल’, कुणी ‘सी’. ‘ओक’ हा लॅटिन ‘होक’, म्हणजे ‘हे’. ‘ओइल’ म्हणजे ‘होक इल्ले’, ‘हे तो’, पुढचं क्रियापद गिळून टाकलेलं. त्याचाच आजचा फ्रेंच ‘वी’. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक या प्रांताच्या नावातही तो ‘ओक’ बसला आहे: ‘ओकची भाषा’. एका होकारावरून प्रांताचं नाव पडावं, हे मला फार मोठं वाटतं. दांतेनं तर आपल्या महाकाव्यात पिसा शहराला शाप देताना इटलीचं वर्णनच असं केलं की ‘जिथं सी निनादतो तो सुंदर देश’. सगळ्या देशाची ओळख एका अक्षरात.

फ्रेंचमध्ये ‘वी’ जिंकला, तरी ‘सी’ हद्दपार झाला नाही. त्याला एक खास काम मिळालं. ‘तू येणार नाहीस ना?’ असा नकारार्थी प्रश्न आला आणि तुम्ही येणार असाल, तर फ्रेंच माणूस ‘वी’ म्हणत नाही, ‘सी’ म्हणतो. आपल्याकडे अशा वेळी ‘हो’ म्हटलं तर घोटाळा होतो: ‘हो, नाही येणार’ की ‘हो, येणार’? म्हणून आपण ‘येणार की!’ असं म्हणतो. फ्रेंच ‘सी’ म्हणजे नेमका हा ‘की’. जर्मनमध्ये हे काम ‘डॉख’ करतो, स्वीडिशमध्ये ‘यू’. इंग्रजीतही एके काळी होकाराचे दोन आणि नकाराचे दोन असे चार शब्द होते; साध्या प्रश्नाला एक जोडी, नकारार्थी प्रश्नाला दुसरी. १५३२ मध्ये टॉमस मोर यानं बायबलचा अनुवादक टिंडल याला नकाराचे दोन शब्द नीट वापरत नाही म्हणून चांगलंच धारेवर धरलं होतं. पुढे ती व्यवस्था मोडून गेली. इंग्रजीचं हे नुकसानच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पॅनिशमध्ये ‘जर’ आणि ‘होय’ दोन्ही ‘सी’च. बोलताना ‘होय’वर आघात असतो, ‘जर’वर नसतो, लिहिताना ‘होय’च्या स्वरावर तिरपी रेघ देतात. पोर्तुगीजांनी ‘जर’साठी ‘से’ ठेवला आणि ‘होय’ला शेवटी अनुनासिक दिला: ‘सीं’. १५१० ते १९६१ गोव्यात राज्यकर्त्यांच्या तोंडी होकार होता तो हाच.

सगळ्यात विलक्षण घडलं ते रुमानियात. तिथं ‘सिक’चा ‘शी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला ‘आणि’! ‘असं’, मग ‘तसंच’, मग ‘आणि’ असा हा प्रवास. लॅटिनचा ‘आणि’साठीचा ‘एत’ इतर भाषांत टिकला, रुमानियनमध्ये ‘शी’नं त्याची जागा घेतली. लॅटिन ‘जर’चं तिथं काय झालं? त्याचा झाला ‘स’, आणि तो आता ‘जावं’, ‘करावं’ अशा इच्छार्थी क्रियापदांपुढे लागतो. ‘जर’साठी त्यांनी दुसरा शब्द घेतला, आणि ‘होय’ म्हणायला शेजारच्या स्लाव्ह लोकांचा ‘दा’.

हा झाला एक वंश. आता दुसरा. इटालियनमध्ये होकाराचा ‘सी’ आहे, पण आणखी एक ‘सी’ आहे: ‘स्वतःला’. दुकानावर पाटी असते ‘क्वी सी पार्ला इतालियानो’, म्हणजे ‘इथं इटालियन बोललं जातं’. हा ‘सी’ लॅटिन ‘से’पासून आला आणि त्याचं मूळ तेच, जे संस्कृत ‘स्व’चं. आपण ‘स्वतः’ म्हणतो ते याच घरातलं. चेक भाषेतही ‘सी’ म्हणजे ‘स्वतःसाठी’, आणि तोही याच गोत्राचा.

तिसरा वंश स्लाव्ह भाषांचा. स्लोव्हेनियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हाक या भाषांत ‘ती सी’ म्हणजे ‘तू आहेस’. या ‘सी’चं जुनं रूप होतं ‘येसी’, आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत ‘असि’. ‘तत् त्वम् असि’ या महावाक्यातला ‘असि’! स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, कुणी फोनवर ‘क्ये सी?’, ‘कुठे आहेस?’ असं विचारतं, तेव्हा त्या ‘सी’त उपनिषदातल्या क्रियापदाचा शेवट शिल्लक असतो. चेकमध्ये हे दोन्ही वंश समोरासमोर येतात. ‘कोऊपिल सी आउतो’ म्हणजे ‘त्यानं स्वतःसाठी गाडी घेतली’. ‘तू गाडी घेतलीस’ हे वाक्यही बोलताना तसंच ऐकू येतं. लिहिताना तेवढं ‘सी’च्या आधी ‘य’साठीचं एक अक्षर येतं. स्व आणि असि, दोघे एका उच्चारात.

बाकीच्यांचा उल्लेख करून पुढे जातो. नॉर्वेजियन ‘सी’ हे ‘सांगणे’ या जुन्या क्रियापदाचं झिजलेलं रूप. हंगेरियन लिपीत हीच अक्षरं ‘शी’ अशी वाचतात आणि अर्थ होतो बर्फावरून घसरत जायच्या पट्ट्या, म्हणजे स्की. नॉर्वेतही त्या शब्दाचा उच्चार ‘शी’च आहे. आयरिशमध्येही उच्चार ‘शी’, अर्थ ‘ती’; शिवाय त्याच रूपाचा दुसरा शब्द म्हणजे अद्भुत लोकांची वस्ती असलेलं टेकाड. कुणाच्या मरणाआधी रडणाऱ्या, आयरिश लोककथांतल्या ‘बॅन्शी’च्या नावात हाच ‘शी’ आहे.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, की दो रे मी फा सोल ला सी, यातला ‘सी’ कोणता?)

चांगलं विचारलंत, तो राहिलाच होता. त्याचा वरच्या कुठल्याही वंशाशी संबंध नाही. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन साधूनं गायकांना शिकवण्यासाठी सेंट जॉनच्या एका लॅटिन स्तोत्रातल्या ओळींची पहिली अक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत’चा पुढे ‘दो’ झाला. सहाच स्वर होते. सातवा नंतर आला, आणि त्याचं नाव स्तोत्राच्या पहिल्या कडव्यातल्या शेवटच्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ठेवलं: ‘सांक्ते योहानेस’, म्हणजे हाच सेंट जॉन. रोमन लिपीत त्यांचं ‘एस’ आणि ‘आय’, म्हणून ‘सी’. आपल्या सप्तकात त्या जागी ‘नी’ आहे. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात नॉरिचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेनं तो बदलून ‘ती’ केला. स्वर एका अक्षरात लिहायचे तर ‘सोल’ आणि ‘सी’ दोन्ही ‘एस’नंच सुरू होत होते, आणि मुलं गोंधळत असत. इटली, फ्रान्स, स्पेनमधली मुलं अजून ‘सी’च गातात.