फडावर निघण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, बऱ्याचदा पावसाळ्यातच घेतलेली असते आणि पेरणीत, लग्नात नाहीतर दवाखान्यात ती संपलेलीही असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात. मजुरी टनावर. एक खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंडही बसतो. या हिशेबात आजारपणाला जागा नाही. घरच्या बाईची तब्येत कशी राहणार, हे निम्मं इथंच ठरतं.

2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे 82 हजार महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. असं का झालं? फडावरच्या कोपीपाशी, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी, शौचालय नाही, धुण्यापुरतं स्वच्छ पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. बहुतेक वेळा हा जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. मात्र कोर्स पुरा करावा लागतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर दुखणं परत येतं. ते दोन-तीनदा परतलं की "पिशवी काढा, पुढं कॅन्सर होईल" अशी भीती घातली जाते. नुसत्या पांढऱ्या पाण्यानं कॅन्सर होत नाही. रक्तमिश्रित किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली तर ऐन तिशीत हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि त्याच अंगानं पुढं मोळ्या वाहायच्या असतात. ऑपरेशन सांगितलं तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.

धोरणातली एक मोठी फट इथंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. रोजची तपासणी आणि गोळ्या तिच्यात येत नाहीत. कष्टकरी घराचा पैसा तर या किरकोळ दुखण्यांतच जातो. म्हणून सरकारी दवाखान्याची वाट सोडू नका. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आता निघण्याआधीचं. घरात गरोदर बाई असेल तर आशाताईला गाठा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. 11 पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. 7 पेक्षा कमी असेल तर तिला फडावर नेऊच नका, रुग्णालयात दाखल करा. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, किमान 180 दिवस. सगळ्या हंगामाच्या गोळ्या मागून सोबत घ्या, कारण नव्या ठिकाणच्या सिस्टरकडे तुमची नोंद नसते आणि औषध तिथंच तुटतं. चहासोबत घेतलेली लोहाची गोळी अंगी लागत नाही. चहाच्या आधी-नंतर तासभर सोडा, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतरानं. शौच काळी झाली म्हणून घाबरून गोळी थांबवू नका.

माता-बाल संरक्षण कार्ड भांड्याकुंड्यांत टाकू नका, आधारसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बाळाच्या लसीचा एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस जवळच्या उपकेंद्रात मिळतो. कळा सुरू झाल्या तर 102 किंवा 108. फडाचा रस्ता रात्री सापडत नाही, म्हणून जवळच्या गावाचं आणि शेतमालकाचं नाव आधीच माहीत करून ठेवा.

रेशन कार्ड गावी ठेवून जाण्याची गरज नाही. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत तेच कार्ड देशभर चालतं, कर्नाटकात गेलात तरी. थोडं धान्य तिकडं आणि उरलेलं गावी म्हाताऱ्या माणसांना, असंही उचलता येतं. निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे ना, हे दुकानदाराकडून बघून घ्या. घट्टे पडलेल्या हातांचा अंगठा मशीन कधी कधी ओळखत नाही, तेव्हा मोबाईलवर ओटीपी येण्यासाठी आधारला नंबर जोडलेला असलेला बरा.

आणि मुली. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत सुमारे 48 टक्के आणि बीडमध्ये 44 टक्क्यांच्या आसपास निघाल्या. राज्याचा आकडा 22 टक्के. वयात आलेली लेक गावी एकटी कशी ठेवायची, ही आईबापांची धास्ती खरी आहे. पण कोवळ्या वयातलं बाळंतपण तिच्या जिवाला धोक्याचं असतं, बाळही कमी वजनाचं होतं. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहं चालतात. ती उशिरा उघडली तर मुलं आधीच गाडीत बसलेली असतात. म्हणून दसऱ्याआधीच मुख्याध्यापकांकडे मुलामुलींची नावं लेखी द्या, आणि ग्रामसभेत वसतिगृह उघडण्याची तारीख मागा.