आई-बाबांना अलास्काला नेताना खोली कुठली घ्यावी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा मे-जूनमध्ये भारतातून इकडे अमेरिकेत येतात. अलास्काच्या क्रूझचा हंगामही तोच, एप्रिलअखेरपासून सप्टेंबर सरेपर्यंत किंवा थोडा पुढे. त्यामुळे नायगारा झाला, ग्रँड कॅन्यन झालं, की घरात अलास्काचं नाव निघतंच. बॅग एकदाच उघडायची, गावं आपल्यापाशी येतात, जेवण जागेवर. वयस्कर माणसांना याहून सुखाचा प्रवास क्वचितच मिळेल. मग रात्री जेवणं उरकल्यावर आपण लॅपटॉप उघडतो आणि समोर खोल्यांचे चार दर दिसतात: बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महाग. आकडे बघून कोणीतरी म्हणतंच, "अरे, खोलीत काय, झोपायलाच तर जायचंय!"

मला आज त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की खोली निवडताना आपल्या मंडळींत सगळ्यात कमी कोण हिंडणार आहे, ते आधी ठरवा. खोली त्याच्यासाठी निवडा. बाकीच्यांना अख्खं जहाज मोकळं आहे.

कॅरिबियनला "झोपायलाच तर जायचंय" हे बऱ्यापैकी खरं आहे. तिथे बघायचं ते बेटावर, आणि दोन बेटांच्या मधे पाणीच पाणी. अलास्कात बघायचं बरंचसं जहाज चालू असतानाच असतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापासून वर अलास्कातल्या स्कॅगवे गावापर्यंत बेटांच्या आडोशाने जाणारा जो जलमार्ग आहे, ज्याला इनसाइड पॅसेज म्हणतात, त्यात कितीतरी वेळ दोन्हीकडे डोंगर, सूचिपर्णी जंगलं आणि वरून सुटलेले धबधबे असतात. आणि ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी, या राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल, तर त्या दिवशी जहाज धक्क्याला लागतच नाही. आत शिरायचं, तासन्‌तास फिरायचं, बाहेर पडायचं. उतरणं नाही. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि लाऊडस्पीकरवरून माहिती देत राहतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळे खाडीत जहाजांची गर्दी नाही.

हा दिवस नीट समजून घेतला, तर खोलीचा अर्धा प्रश्न सुटतो. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथून गेले, तेव्हा आज जिथून जहाज आत शिरतं तिथे बर्फाची भिंत होती, खाडी जवळपास नव्हतीच. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला, तोवर बर्फ ४० मैलांहून जास्त मागे सरला होता. आज मुखापासून टोकापर्यंत साधारण ६५ मैल पाणी आहे. म्हणजे जहाज आत जातं तसं आपण अलीकडे-अलीकडे उघड्या पडलेल्या जमिनीकडे जात असतो. मुखाशी स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं दाट, जुनं जंगल. पुढे झाडं बुटकी होत जातात, मग अल्डर आणि विलोची झुडपं, मग नुसतं शेवाळ, आणि शेवटी उघडा, घासून गुळगुळीत झालेला खडक. हे सगळं बघायला पळापळ करावी लागत नाही. एका जागी, तीन-चार तास, बसावं लागतं. सत्तरीच्या माणसाला हे सहज जमतं, फक्त ती जागा हवी.

आता हिमनदीपाशी आल्यावर काय होतं, तेही सांगतो. खाडीच्या आतल्या टोकाशी असलेल्या मार्जरी हिमनदीचं तोंड मैलभर रुंद आहे, पाण्याच्या वर सुमारे २५० फूट उंच. जहाज तिच्यासमोर बराच वेळ थांबतं, आणि कॅप्टन ते जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे डाव्या बाजूच्या खोल्यांनाही दिसतं आणि उजव्या बाजूच्यांनाही. वरच्या डेकवर तोवर कठड्याशी दोन-दोन, तीन-तीन रांगा लागलेल्या असतात. बर्फावरून येणारा वारा जूनमध्येही बोचतो, कानटोपी आणि हातमोजे लागतातच. कडा कधी कोसळेल, सांगता येत नाही. वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग एक तुकडा सुटतो, आणि गडगडाट त्याच्या मागून येतो. आवाज ऐकून मान वळवली, तर बर्फ पाण्यात गेलेला असतो, नुसत्या लाटा दिसतात. म्हणजे सारखं बघत राहणाऱ्यालाच ते दिसणार. गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्या वाऱ्यात, त्या गर्दीत, तासभर उभं राहून कसं बघावं? पण बाल्कनीत खुर्ची आहे, पायांवर ब्लँकेट आहे, बाथरूम चार पावलांवर आहे, आणि थंडी वाजली तर आत येऊन काचेतूनही दिसतं. बाल्कनीचे जास्तीचे पैसे मी याच दिवसासाठी योग्य मानतो.

याच कारणाने, सगळे जण धडधाकट असाल, तर मी तुम्हाला बाल्कनी घ्याच असं म्हणणार नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते. वरच्या डेकवरून दोन्ही दिसतात, आणि काही जहाजं हिमनदीच्या दिवशी पुढच्या टोकाचा एरवी बंद असलेला डेकही उघडतात. ज्याला पहाटे उठून, स्वेटरवर रेनकोट चढवून व्हेल शोधत उभं राहायची हौस आहे, त्याने बिनखिडकीची खोली घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत अलास्काची राजधानी जुनो इथून हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरावं. लहान मूल असेल, तर मात्र पुन्हा बाल्कनी. दुपारी मूल झोपलं, की आई-वडिलांना अंधाऱ्या खोलीत गप्प बसून राहावं लागत नाही.

बिनखिडकीच्या खोलीतला अंधार हा खरोखरचा मिट्ट अंधार असतो, हे वयस्कर माणसांच्या बाबतीत लक्षात घ्या. जूनमध्ये जुनोला १८ तासांच्या आसपास उजेड असतो, त्यामुळे काही जणांना अशा खोलीत उलट छान झोप लागते. पण पहाटे चारला जाग येणाऱ्या माणसाला तिथे वेळ कळत नाही, आणि रात्री बाथरूमकडे जाताना अंदाज चुकतो. जहाजावरच्या बाथरूमला बहुधा उंबरा असतो, त्याला ठेच लागते. छोटा नाइट लॅम्प बरोबर न्या, बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवा.

मी लोकांना जी मांडणी नेहमी सुचवतो ती अशी: आई-बाबांना बाल्कनीची खोली, आणि तुम्ही कॉरिडॉरच्या पलीकडची, शक्य तितकी समोरची, बिनखिडकीची. दोन्ही खोल्या बाल्कनीच्या घेण्यापेक्षा बरेच पैसे वाचतात. हिमनदीच्या दिवशी सगळे त्यांच्या बाल्कनीत जमा. रात्री काही लागलं, तर हाकेच्या अंतरावर तुम्ही आहातच.

आता बोट लागण्याचा विषय. इथे खोलीच्या आधी मार्ग बघावा लागतो. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने, आडोशाने वर जातात. सिॲटलहून निघणारी बरीचशी बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे तो पहिला दिवस आणि परतीचा थोडा भाग हलता असू शकतो. व्हँकुव्हर ते अलास्कातली सुअर्ड किंवा व्हिटियर ही बंदरं असा एकमार्गी प्रवास असेल, तर अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, तेही उघडंच पाणी. ज्यांना बोट लागते त्यांनी आधी हा नकाशा बघावा. एकच खोली एका मार्गावर शांत असते आणि दुसऱ्यावर हलते.

मग खोलीची जागा. सी-सॉवर टोकाला बसलेलं मूल वर-खाली होतं आणि मधे बसलेलं जवळजवळ स्थिर राहतं, तसंच जहाजाचं आहे. जहाजाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावीकडे-उजवीकडे झुकणं बरंच कमी करतात, पण पुढचं-मागचं टोक वर-खाली होणं त्यांनी थांबत नाही. म्हणून खोली लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्यावी. अशा जागी साधी खिडकीची खोली मिळत असेल आणि वर अगदी पुढच्या टोकाला स्वीट, तर बोट लागणाऱ्या माणसासाठी मी बिनदिक्कत खिडकीची खोली घेईन. मळमळणारं माणूस बाल्कनीत जाऊन बसत नाही, आडवं पडून राहतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो डेक-प्लॅनला, म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याच्या नकाशाला. क्रूझ कंपन्या तो वेबसाइटवर देतात. आपली खोली शोधा, आणि मग तिच्या नेमकं वर काय आहे आणि नेमकं खाली काय आहे, ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल, तर पहाटे आरामखुर्च्या ओढल्याचा खरखराट डोक्यावर. वर बुफे असेल, तर ट्रॉल्या. खाली नाट्यगृह किंवा बार असेल, तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. वरही खोल्या, खालीही खोल्या, ही उत्तम जागा. अगदी पुढच्या टोकाला सकाळी धक्क्याला लागताना बाजूने ढकलणारी यंत्रं चालू होतात, तो धडधडाट आणि धुक्यात वाजणारा भोंगा दोन्ही ऐकू येतात, आणि अलास्कात धुकं काही दुर्मिळ नाही. अगदी मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. "अंशतः अडथळा" असं लिहिलेल्या खोलीसमोर लाइफबोट टांगलेली असते. ती खिडकीच्या खाली आहे की डोळ्यांसमोर, यावर सगळं अवलंबून. आणि प्लॅनवर खोल्यांच्या मधे कोरी पांढरी जागा दिसली, तर ती बहुधा कर्मचाऱ्यांच्या कामाची असते. तिला लागून खोली घेऊ नका.

लिफ्टपासूनचं अंतर तर मोजाच. ही जहाजं ३०० मीटरच्या आसपास लांब असतात. कोपऱ्यातली खोली घेतली आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला, तर बाबांना दिवसातून चार-पाच वेळा ती लांबलचक गालिच्याची वाट तुडवावी लागते. तिसऱ्या दिवशी ते म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." हे मी पाहिलेलं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून घ्या. अगदी समोर नको, तिथे रात्री उशिरापर्यंत बोलणं चालू असतं.

"गॅरंटी" नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात खोलीचा प्रकार तुम्ही ठरवता आणि नंबर कंपनी देते. मित्रमंडळी जात असाल तर खुशाल घ्या. आई-बाबा बरोबर असतील तर नको, कारण आत्तापर्यंत जे बोललो त्यातलं काहीच मग आपल्या हातात राहत नाही.

डावी बाजू की उजवी, हे खूप जण विचारतात. जाऊन-येऊन तिथेच परत येणाऱ्या प्रवासात फारसा फरक पडत नाही. एकमार्गी उत्तरेकडे जाताना किनारा उजव्या हाताला, दक्षिणेकडे येताना डाव्या हाताला.

व्हिसाचं थोडक्यात. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिॲटल ते सिॲटल जाताना मधे एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत पुन्हा शिरता येईल असा व्हिसा, दोन्ही आहेत का, ते पैसे भरण्याआधी बघा.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सासरे व्हीलचेअरवर आहेत, साधी बाल्कनीची खोली चालेल का? ताई, बहुतेक चालणार नाही. अनेक जहाजांवर साध्या खोलीचं दार २४ इंचांहूनही अरुंद असतं, आणि व्हीलचेअर कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, कारण आग लागली तर वाट अडते. आज घरी गेल्यावर खुर्चीची रुंदी मोजा, चाकांच्या बाहेरच्या कडेपासून, आणि घडी करून किती होते तेही. मग कंपनीच्या दिव्यांग प्रवाशांसाठीच्या विभागाला फोन करून ती मापं सांगा आणि व्हीलचेअरसाठी बांधलेली बाल्कनीची खोली मागा. बाथरूममध्ये उंबरा नाही ना, बाल्कनीत खुर्चीसकट जाता येतं ना, हे दोन प्रश्न स्पष्ट विचारा. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि आधी भरतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्याचा विचार असेल, तर या दिवाळीच्या आतच फोन करा.