मास्तर बाकावर, मुलगी फळ्याशी

श्रोतेहो, नमस्कार.

कोणत्याही शाळेच्या शिक्षकदालनात आज पाच मिनिटे बसले, तरी एक तक्रार हमखास कानी पडते. मुले ऐकत नाहीत, आपण वाक्य पूर्ण करण्याआधी ती मोबाईलवर उत्तर शोधून मोकळी होतात आणि वर आपली चूकही काढतात. तक्रार खोटी नाही. मात्र तिच्यावर उपाय म्हणून जी प्रशिक्षणे भरतात, त्यांत एक तज्ज्ञ पडद्यावर मजकूर दाखवत दोन तास बोलतो आणि मागच्या रांगेतले शिक्षक मांडीवर मोबाईल ठेवून शुभप्रभातचे संदेश पुढे पाठवत असतात. मीही त्या मागच्या रांगेत बसलेलो आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

आम्ही काही हौशी नट गेली काही वर्षे सांगली परिसरात शिक्षकांसाठी एक निराळा प्रयोग करतो. दहा मिनिटांचे नाटक असते, त्यात एक वर्ग असतो आणि त्या वर्गात नेमकी हीच खडाजंगी होते. नाटक भांडणाच्या टोकाला आले की आम्ही ते तिथेच सोडून देतो. मग समोर बसलेल्या शिक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणायचे, उठून यायचे, एका पात्राची जागा घ्यायची आणि प्रसंग पुन्हा खेळायचा. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी ही रीत जगभर नेली. प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून रंगमंचावर आणायचे, हे तिचे मर्म. आपल्या सांगलीला त्यात फार नवे वाटू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी याच गावी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी, स्वतःच्या शब्दांत करीत असत. (आता शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुले ध्वनिमुद्रित संवादांवर नुसते ओठ हलवतात, हे पाहून मला फार वाईट वाटते, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

आता तो प्रसंग सांगतो, ज्याच्यासाठी खरे तर मी हे भाषण स्वीकारले.

शनिवारची दुपार होती. शाळेच्या सभागृहात साठेक शिक्षक जमले होते. आमच्या नाटकातले भूगोलाचे सर २०१९ च्या महापुराविषयी शिकवत होते आणि कृष्णेचे पाणी पंचावन्न फुटांवर गेल्याचे सांगत होते. शेवटच्या बाकावरचा मुलगा मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणाला, “सर, सत्तावन्नच्या वर गेलं होतं.” सरांनी मोबाईल हिसकावून घेतला. नाटक थांबले. आता काय करावे, असे आम्ही विचारले. कोणी हलेना. मग भूगोलाचेच एक ज्येष्ठ शिक्षक उठले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. “मी असतो, तर मोबाईल वार्षिक परीक्षा झाल्यावरच परत दिला असता,” असे ते ठणकावून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

आम्ही त्यांना पुढे बोलावले. पण सरांच्या जागी नव्हे, त्या मुलाच्या जागी. त्यांना शेवटच्या बाकावर बसवले आणि हातात मोबाईल दिला. फळ्याशी उभी राहिली आमच्याबरोबर आलेली नववीतली एक मुलगी, नदीकाठच्या गल्लीत राहणारी. सुरुवातीलाच ती अडखळली. “अहो... म्हणजे, अरे, तुझं लक्ष कुठंय?” असे ती म्हणाली आणि सगळे सभागृह हसले. सरही हसले.

तिने विचारले, “पुराचं पाणी किती फुटांवर गेलं होतं?”

सर एका बोटाने अक्षरे शोधत राहिले. ती खडू हातात फिरवत, अजिबात घाई न करता थांबली. आपण वर्गात इतके थांबतो का, असा प्रश्न माझ्याच मनात आला. अखेर सर म्हणाले, “सत्तावन्न फूट, आणि वर काही इंच.”

“कुठं?”

“सांगलीत.”

“सांगलीत कुठं? तुझ्या घरी, का माझ्या?”

सरांनी पुन्हा मोबाईलमध्ये पाहिले. “आयर्विन पुलाजवळ.”

“मग पुलाजवळ सत्तावन्न फूट म्हणजे कुठून मोजलेले सत्तावन्न?”

इथे सर आपण विद्यार्थी आहोत हे विसरले आणि उभे राहून समजावू लागले. १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. तिथला आकडा म्हणजे कोणाच्या अंगणातल्या पाण्याची खोली नव्हे, तर पात्रातल्या एका ठरावीक शून्यापासूनची उंची. चाळीस फुटांना इशारा पातळी आणि पंचेचाळीसला धोका पातळी. सर इतके सुंदर सांगत होते की मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मुलीने मात्र त्यांना मध्येच तोडले. “खाली बस. तुला विचारलंय तेवढंच सांग.” या वेळी हसू आले ते शिक्षकांना स्वतःचेच, कारण हे वाक्य तिथल्या प्रत्येकाने त्याच आठवड्यात कोणाला तरी ऐकवलेले होते.

मग ती बाकावर चढली आणि तिने सभागृहाच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढली, जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर. “आमच्या घरात इथपर्यंत होतं,” ती म्हणाली. पुराच्या वेळी ती चौथीत होती. “आता सत्तावन्नमधून सहा वजा कर आणि आमच्या घराची फरशी किती फुटांवर आहे ते सांग.”

“एक्कावन्न,” सर म्हणाले.

“म्हणजे रेडिओवर पुलाजवळची पातळी पन्नास सांगितली, की आम्ही काय करायचं?”

सर क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग मोबाईल बाकावर पालथा ठेवून म्हणाले, “सामान माळ्यावर टाकायचं आणि निघायचं.” घर पुलापासून लांब असेल, तर हा हिशेब ढोबळच मानावा लागतो, ही पुरवणीही त्यांनी जोडली आणि त्या वेळी मुलीने त्यांना खाली बस म्हटले नाही.

श्रोतेहो, या प्रसंगावर मी लांबलचक भाष्य करणार नाही. एवढेच लक्षात घ्या, की आकडा मोबाईलमध्ये होता, मोजण्याची रीत सरांपाशी होती आणि भिंतीवरची रेघ मुलीपाशी होती. पुन्हा सांगतो: आकडा मोबाईलमध्ये, रीत सरांपाशी, रेघ मुलीपाशी. मुलांना तंत्रज्ञान हाताळता येते म्हणून आपली गरज संपली, अशी धास्ती शिक्षकांना असते. ती धास्ती भाषण ऐकून जात नाही, कारण भाषण ऐकताना माणूस स्वतःच्याच खुर्चीत बसलेला असतो. नाटकात त्याला दुसऱ्याच्या बाकावर बसावे लागते, गुडघे बाकाखाली मावत नाहीत, समोरचा माणूस ‘अरे’ म्हणतो, आणि मग उत्तर आधी मिळवण्याची मुलाची घाई आतून कळते.

ज्या शाळांना हे करून पाहायचे असेल, त्यांना नेपथ्य लागत नाही आणि ध्वनिक्षेपकही नको. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवणे हे शिक्षकाचे आणि नटाचे सामाईक काम आहे आणि ते यंत्रावर सोपवू नये, असे माझे हट्टी मत आहे. चार बाक, एक फळा आणि खरी मुले मात्र हवीत, मुलांचे सोंग घेतलेले शिक्षक चालत नाहीत. ‘थांबा’ म्हणायला पहिला शिक्षक उठेपर्यंत धीर धरावा लागतो; कधी कधी पाच मिनिटे कोणीच उठत नाही आणि ती पाच मिनिटे फार मोठी वाटतात. प्रयोगाचे चित्रीकरण करू नये, कारण चित्रीकरण सुरू झाले की शिक्षक बाकावर बसायला तयार होत नाहीत.

आणि एक विनंती. नाटकाचे संवाद पाठवा, अशी मागणी पुष्कळ मुख्याध्यापक करतात. ते आमच्याकडे लिहिलेले नाहीत.

नमस्कार.