आम्लात विझणारा रंग

मंडळी, खाण बंद झाली म्हणून तिच्यातलं पाणी थांबत नाही. पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज. त्याला हवा-पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि लोहावर जगणारे जिवाणू हे काम कितीतरी वेगानं पुढे नेतात. ते आम्ल तांबं, जस्त, ॲल्युमिनियम सोबत घेऊन नाल्यात उतरतं आणि तळाशी नारिंगी गाळ साचतो. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या खाणीत तर पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल तीव्र), उणे ३.६ इतका खाली मोजला गेलाय. असं पाणी अडवायचं तर ते कुठून शिरतं आणि कुठल्या वाटेनं जातं हे आधी कळायला हवं. जुने नकाशे बहुधा अपुरे असतात, म्हणून पाण्यात रंग सोडून माग काढायचा.

युक्ती जुनी आहे. १८७७ मध्ये जर्मनीत इमेंडिंगनपाशी जमिनीत जिरणाऱ्या डॅन्यूब नदीच्या पाण्यात फ्लुओरेसीन नावाचा चमकणारा रंग १० किलो सोडला होता. सुमारे अडीच दिवसांनी दूरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. पण तो चुनखडीचा मुलूख. तिथलं पाणी या रंगाला मानवणारं होतं.

आम्लात मात्र तोच रंग फसवतो. फ्लुओरेसीनवर निळा प्रकाश टाकला की तो हिरवा प्रकाश परत देतो, पण पूर्ण तेजानं फक्त अल्कधर्मी पाण्यात. पीएच सहाच्या आसपास आला की चमक बरीच घसरलेली असते आणि तीन-चारपर्यंत गेला की जवळजवळ काही उरत नाही. रंग पाण्यात असतो, उपकरण मात्र शून्य दाखवतं. या शून्यावरून ‘इथे वाट नाही’ असा निष्कर्ष काढला, तर बांध भलत्याच जागी पडतो. मला याची खरी काळजी वाटते.

नमुन्यात अल्क घालून पीएच वाढवला की चमक परत येते, हे खरं. पण त्याच वेळी लोहाचा साका खाली बसायला लागतो, पाणी गढूळ होतं आणि थोडा रंग त्या साक्याला चिकटतो. खाणीतल्या नारिंगी गाळाचंही तसंच. आम्लात त्याच्या पृष्ठभागावर धन प्रभार असतो, आपले बहुतेक रंग ऋण प्रभाराचे, म्हणून ते त्याला चिकटतात. ऱ्होडामाइन डब्ल्यूटी हा दुसरा रंग आम्लात जास्त टिकाव धरतो, पण त्यात दोन समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी) असतात आणि ते गाळाला सारख्या प्रमाणात चिकटत नाहीत. मग चमकेचा आलेख दोन टप्प्यांत चढतो आणि वाचणारा दोन वाटा आहेत असं समजतो. सल्फोऱ्होडामाइन बी हा तिसरा रंग कमी पीएचवर चमक बऱ्यापैकी राखतो, पण गाळाची धास्ती त्यालाही आहेच.

म्हणून माझा आग्रह असा, की रंग सोडण्याआधी त्याच खाणीचं पाणी आणि तिथलाच गाळ बाटलीत घ्या, मोजून रंग घाला, अंधारात ठेवा आणि पाण्याला प्रवासाला जेवढा वेळ लागेल असं वाटतं तेवढे दिवस चमक मोजत राहा. अंधारात अशासाठी, की फ्लुओरेसीन उन्हात झपाट्यानं विरतं. पाण्याची स्वतःची चमकही आधीच नोंदवून ठेवा.

शिवाय रंगासोबत ब्रोमाइडचा क्षारही सोडा. ब्रोमाइड मोजायला जास्त मात्रेत लागतं, खर्च वाढतो, पण आम्लानं त्याचं काही बिघडत नाही. ब्रोमाइड पोचलं आणि रंग पोचला नाही, तर वाट आहे आणि रंग वाटेत अडला किंवा विझला, एवढं तरी ठामपणे लिहिता येतं.