पाण्यावरचा धूर

नमस्कार श्रोतेहो. गिटार शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या घराशेजारी तुम्ही राहत असाल, तर आजची सुरावट तुम्ही नक्की ऐकली आहे. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. गुणगुणून बघा. सूर चारच. पण दोन्ही मध्यम असे एकमेकांना खेटून येतात की ललत राग ऐकणाऱ्या माणसाचेही कान टवकारावेत. ही सुरावट डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडची, आणि तिच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते.

१९७१ चा डिसेंबर. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं गाव आहे. डीप पर्पलची पाच मुलं तिथे नवा अल्बम करायला आली होती. स्टुडिओतला बंदिस्त आवाज त्यांना नको होता. प्रेक्षकांपुढे वाजवताना जो दणका येतो, तो हवा होता. म्हणून तिथला मोठा कॅसिनो ठरवलेला, आणि रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडची रेकॉर्डिंगची ट्रक भाड्याने आणलेली. एकच अडचण होती. हंगाम संपायच्या आधी कॅसिनोत एक शेवटचा कार्यक्रम व्हायचा होता, अमेरिकेचा रॉक संगीतकार फ्रँक झॅपा याचा.

तारीख ४ डिसेंबर. कार्यक्रम रंगात आलेला, आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी सिग्नलची पिस्तूल छताकडे रोखून उडवली. संकटातली जहाजं आकाशात लाल ज्योत सोडतात ना, ती पिस्तूल. छत होतं वेताचं. वेताचं छत, श्रोतेहो! झॅपाने गाणं थांबवून लोकांना बाहेर पडायला सांगितलं. माँत्रोचा जॅझ महोत्सव सुरू करणारा क्लोद नोब्ज पुन्हा पुन्हा आत जाऊन मुलांना बाहेर काढत राहिला. कॅसिनोची राख झाली, पण एकही जीव गेला नाही. एकही नाही.

इथे मला एक बोलायचंच आहे. गेल्या महिन्यात मी एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या मागच्या दाराला आतून कुलूप, आणि त्यापुढे खुर्च्यांची छातीएवढी चळत. आत पाच-सहाशे माणसं जेवत होती. मी व्यवस्थापकांना सांगितलं, तर "काही होत नाही हो काका" एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही कुठल्याही सभागृहात गेलात की आधी दुसरं दार बघा, उघडतं का ते बघा, मग खुर्ची धरा.

तर, माँत्रो. बँडची मंडळी जवळच्या हॉटेलातून जळता कॅसिनो बघत होती. धूर सरोवरावर उतरून पाण्यावर पसरत चालला होता. वाजवायची जागाच गेली! नोब्जने त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरने ही सुरावट छेडली. नखी न वापरता, दोन तारा एकदम बोटांनी ओढून. दणका एवढा की शेजारीपाजारी जागे झाले आणि पोलीस दाराशी आले. बँडच्या कामगारांनी दार आतून दाबून धरलं, रेकॉर्डिंग पूर्ण झालं, आणि मगच ते उघडलं!

तिथून हकालपट्टी झाली ती थेट हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात. आवाज घुमू नये म्हणून कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या केल्या. ट्रकपर्यंत जायचं, तर खोल्या आणि गच्च्या ओलांडत एवढा वळसा की वाजवलेलं ऐकायला जाणंच त्यांनी सोडून दिलं. अल्बम काही मिनिटांनी कमी पडत होता. तेव्हा पॅव्हिलियनमधली ती सुरावट आठवली. बासिस्ट रॉजर ग्लोव्हर एका सकाळी जागा होता होता "स्मोक ऑन द वॉटर" असं पुटपुटला होता. गायक इयान गिलन आणि तो बसले आणि घडलं ते सगळं गाण्यात लिहिलं. कॅसिनो, पिस्तूल, धावणारा क्लोद, सगळं. हे गाणं गाजेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. १९७३ मध्ये ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं.

बँडचा बाकीचा प्रवास थोडक्यात सांगतो. स्थापना १९६८. १९६९ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर आले, आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्गनवादक जॉन लॉर्डने अख्ख्या वाद्यवृंदासोबत बँड उभा केला. १९७३ मध्ये गिलन-ग्लोव्हर गेले, १९७६ मध्ये बँड मोडला, १९८४ मध्ये पुन्हा जुळला. १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून कायमचा निघून गेला. १९९५ मध्ये स्टीव्ह मॉर्स या नव्या गिटारवादकाला घेऊन बँड मुंबईत वाजवून गेला. मुंबईशी त्यांचं नातं त्याआधीचंच. त्यांच्या "चाइल्ड इन टाइम" या गाण्याची धून सुचली ती एका अमेरिकन बँडच्या वाद्यरचनेवरून, आणि तिचं नाव होतं "बॉम्बे कॉलिंग". जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेले. २०२४ मध्येही बँडचा नवा अल्बम आला.

गायक बदलले, गिटारवादक बदलले. १९६८ पासून प्रत्येक फळीत एकच माणूस आहे, ड्रमर इयान पेस. डावखुरा. मैफलीत तबलजीचं नाव सगळ्यात शेवटी घाईघाईने घेतात, याचा मला नेहमी राग येतो. म्हणून पेसचं नाव पुन्हा घेतो, इयान पेस.

आता गाणं लावतो. आधी गिटार एकटी येईल. मग झांजेची बारीक टिकटिक सुरू होईल. तो पेस. आवाज जरा मोठा करा.