झेपेलिन, घड्याळ लावून

(एका वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘पाश्चात्त्य संगीताचे अभ्यासक’ अशी करून दिली. आमच्या घरी त्याला ‘तो गोंगाट’ म्हणतात आणि दार लावून घ्यायला सांगतात. दोन्हींच्या मधलं काहीतरी धरून चाला.

विषय पत्रिकेवर छापलाय: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची रेडिओवरची ध्वनिमुद्रणं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हा बँड खरोखर कसा वाजत होता, हे त्यांच्या गाजलेल्या रेकॉर्डींपेक्षा बीबीसीसाठी घाईघाईत केलेल्या मुद्रणांतून जास्त कळतं. त्यासाठी पन्नास मिनिटं दिलीयत. भरपूर झाली. चौघांची ओळख करून देत नाही. गिटार जिमी पेजची, गळा रॉबर्ट प्लँटचा, ड्रम्स जॉन बॉनमचे आणि उरलेलं सगळं जॉन पॉल जोन्सच्या गळ्यात, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर मॅच सोडून आलात.

आता पहिला प्रश्न. गाण्याची रेकॉर्ड दुकानात मिळत असताना तेच गाणं वाजवायला बँडला पुन्हा रेडिओच्या स्टुडिओत कशाला बोलवायचं? रेकॉर्ड लावा की! तर लावायला परवानगी नव्हती. ब्रिटनमध्ये ‘नीडल टाइम’ नावाचा एक करार होता. बाजारातल्या रेकॉर्डी बीबीसीने किती तास वाजवायच्या, याला त्यात मर्यादा घातलेली. एका बाजूला रेकॉर्ड कंपन्या, दुसऱ्या बाजूला वादकांची संघटना. संघटनेचं म्हणणं सरळ होतं: सगळा दिवस तबकड्याच फिरवल्या तर आमच्या माणसांनी खायचं काय? (संघटना म्हटल्याबरोबर गिरणगावातून आलेले दोघे-तिघे सावरून बसले, ते दिसलं मला.) साठच्या दशकाच्या सुरुवातीला संपूर्ण बीबीसीला मिळून दिवसाला जेमतेम पाच तास मिळायचे. मग गाजलेली गाणी वाजवायला पगारी वाद्यवृंद असत. कोट, टाय, समोर कागद, आणि बीटल्सचं गाणं लग्नाच्या बँडसारखं.

पुढे समुद्रात जहाजं उभी करून तिथून चोरून रेडिओ चालवणारे आले. तिथे कसला करार? दिवसभर रेकॉर्डी. ऑगस्ट १९६७ मध्ये सरकारने कायदा करून त्यांचा गळा आवळला आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने स्वतःचं रेडिओ वन सुरू केलं. जहाजावरचीच मंडळी आत घेतली, त्यात निवेदक जॉन पील. चॅनल तरुणांचं, पण तासांची मर्यादा तशीच. उरलेला वेळ कशाने भरायचा? बँडना बोलवा, दुपारभरात चार गाणी वाजवून घ्या, रात्री लावा. हा नियम १९८८ पर्यंत चालला. संगीताच्या भल्यासाठी तो कोणी केलेला नव्हता. भांडणातून झाला. पण त्यानेच आपल्याला हा साठा दिला.

झेपेलिनला तर रेडिओवाचून गत्यंतरच नव्हतं. त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट, अंगाने आणि आवाजाने दांडगा माणूस. त्याने ठरवलं, इंग्लंडमध्ये सिंगल, म्हणजे एखाद्या गाण्याची सुटी छोटी तबकडी, काढायची नाही. ऐकायचं तर अख्खी एलपी, म्हणजे पुष्कळ गाण्यांची मोठी तबकडी, घ्या. टीव्हीवरही जवळपास नाहीच. गंमत बघा, बीबीसीवरचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा सिंगल्सच्या खपावर चालणारा कार्यक्रम. यांची सिंगलच नाही, मग हे तिथे जाणार कसे? पण १९७० पासून कित्येक वर्षं त्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून कोणती होती? यांचंच ‘होल लॉटा लव्ह’! पण दुसऱ्याच बँडने वाजवलेलं. सीसीएस त्या बँडचं नाव, आणि त्यात होता अॅलेक्सिस कॉर्नर.

या कॉर्नरपाशी मला जरा थांबू द्या. हा ब्रिटिश ब्लूजमधला वडीलधारा. रोलिंग स्टोन्सची पोरं त्याच्याच अंगणात मोठी झाली. झेपेलिनमध्ये येण्याआधी प्लँटही त्याच्याबरोबर गायलेला. कॉर्नरचा बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर एक कार्यक्रम होता. १९ मार्च १९६९ ला झेपेलिन त्यासाठी मेडा व्हेलला गेले. ही मेडा व्हेलची इमारत मुळात १९०९ साली बांधलेला रोलर स्केटिंगचा हॉल, बीबीसीने तो पुढे स्टुडिओसाठी घेतला. तिथे त्यांनी तीन गाणी वाजवली. दोन पहिल्या एलपीतली. तिसरं ‘सनशाइन वूमन’. हे गाणं त्यांच्या कुठल्याही एलपीवर नाही. एप्रिलमध्ये कार्यक्रम लागला आणि नंतर बीबीसीकडची टेप गेली.

गेली म्हणजे चोरीला नाही हं. टेप महाग, कपाटं भरलेली, आणि करारामुळे एक मुद्रण किती वेळा लावायचं यालाही मर्यादा. दोनदा लावून झाल्यावर ते ठेवायचं कशाला? पुसा आणि दुसरं भरा. असे किती बँड, किती नाटकं, किती विनोदी कार्यक्रम तिथे पुसले गेले!

टेप पुसतात कशी, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरुणपणी मी एका रेडिओ केंद्रावर हंगामी निवेदक होतो. केंद्राचं नाव सांगत नाही, इथे बसलेल्या काहींची पेन्शन तिथूनच येते. तिथे बल्क इरेझर, म्हणजे अख्खी टेप एकदम पुसणारं यंत्र, होता. जड लोखंडी पेटी, वरून सपाट. बटण दाबलं की घूं घूं करायला लागायची. मनगटातलं घड्याळ आधी लांब काढून ठेवायचं, नाहीतर ते कायमचं बिघडणार. मग टेप गुंडाळलेलं स्पूल वर ठेवून सावकाश गोल फिरवायचं, उलटं करून पुन्हा फिरवायचं, आणि पेटी घुमत असतानाच स्पूल हळूहळू हातभर लांब न्यायचं. घाई केली तर टेपवर धप् धप् असे ठोके राहतात. आमचे टेक्निशियन हे काम फार सुंदर करत. मन लावून, काही न बोलता. एका दुपारी त्यांच्या हाताखालच्या डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव मी वाचलं. गायिकेचं. ते नाव इथे घेतलं तर तुमच्यातले निम्मे लोक मारायला त्या केंद्रावर जातील. मी म्हटलं, “अहो, यांचंही?” ते म्हणाले, “वरून यादी आलीय. आणि उद्या शेतीच्या कार्यक्रमाला टेप नाहीये.” शेतकऱ्यांवर माझा राग नाही. पण दुसऱ्या दिवशीचा तो कार्यक्रम मी मुद्दाम ऐकला. विषय होता उंदरांचा बंदोबस्त.

असो. ‘सनशाइन वूमन’चं काय झालं? कुणीतरी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावून ते भरून ठेवलं होतं. त्या घरगुती टेपच्या प्रतींच्या प्रती चाहत्यांमध्ये फिरत राहिल्या. १९९७ साली ‘बीबीसी सेशन्स’ अधिकृतपणे निघालं, त्यात हे गाणं नव्हतं. २०१६ ला संपूर्ण संच निघाला तेव्हा कुठे ते आलं, तेही या घरगुती मुद्रणावरून. आवाज असा की मधे भिंत आहे असं वाटावं. जी वस्तू एवढ्या मोठ्या महामंडळाला सांभाळता आली नाही, ती एका ऐकणाऱ्याने सांभाळली. आपल्याकडे घरगुती मैफलींच्या टेपा जपणारे जे लोक आहेत, ज्यांना आपण ‘अहो, एक कॉपी द्या ना’ म्हणून वर्षानुवर्षं छळतो, त्यांच्याच जातकुळीचा हा माणूस.

मुंबईचं विचारणार कोणीतरी, म्हणून आधीच सांगून टाकतो. हो, आले होते. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत होते. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाचा क्लब होता, तिथे त्यांनी स्थानिक पोरांची वाद्यं घेऊन वाजवलं. ‘मी तिथे होतो’ म्हणणारे मला आजवर इतके भेटलेत की तो क्लब ब्रेबॉर्न स्टेडियमएवढा असावा. पण त्याची टेप मला अजून कोणी ऐकवलेली नाही. त्याच वर्षी त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी नव्याने वाजवली. तबला, सारंगी, व्हायोलिनं. ‘फोर स्टिक्स’चा ठेका पाच आणि सहा मात्रांत उड्या मारतो. तबलजींनी त्यावर काय म्हटलं असेल, ते ऐकायला मी पैसे मोजले असते. ती मुद्रणं बाहेर आली २०१५ साली! त्रेचाळीस वर्षं पडून. त्यांना पुसणारं कोणी भेटलं नाही, एवढंच नशीब.

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं.’ खाली दोन रेघा मारल्यात. मूळ मुद्द्याला मी अजून हात घातलेला नाही, तेव्हा आता जरा पळतो.

पहिली गोष्ट. रेडिओने या बँडला गाणी घट्ट होण्याआधी पकडलंय. ‘होल लॉटा लव्ह’ २४ जून १९६९ ला बीबीसीत वाजलं. दुसरी एलपी निघाली ऑक्टोबरमध्ये. एलपीवर मधल्या भागात आवाज या कानातून त्या कानात फिरतात, ती मिक्सिंगच्या टेबलावरची करामत. बीबीसीवर चौघांना हातात जे होतं त्यावर ती जागा भरायची होती. एलपीवर पेज गिटारचे थरावर थर चढवतो. रेडिओवर त्याला दोनच हात. कोणता थर ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे त्याने क्षणात ठरवलेलं ऐकू येतं, आणि तिथेच त्या गाण्याचा सांगाडा दिसतो. आता कोणी चाणाक्ष म्हणेल, त्याच दिवशीच्या ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मध्ये पेजने वरून जादा गिटार भरलीय. भरलीय. पण दुपारभरात काय भरून होणार?

दुसरी गोष्ट, तेच गाणं पुन्हा पुन्हा. १९९७ च्या संचात ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ एकाच सीडीवर तीनदा आहे. लोकांनी नावं ठेवली. मला तर तोच त्या संचाचा प्राण वाटतो. आपण एकाच गवयाचा यमन पाच वेळा ऐकतो तेव्हा तक्रार करतो का? ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ एलपीवर साडेसहा मिनिटांचं, १९७१ च्या रेडिओ मैफलीत साडेअठरा. त्या वाढीव बारा मिनिटांत हे एकमेकांना कसे इशारे देतात, बॉनम पेजला कुठे अडवतो आणि कुठे मोकळा सोडतो, ते ऐका. रेकॉर्डवर यातलं काहीही नाही.

तिसरी, समोर माणसं. २७ जून १९६९ ला प्लेहाउस थिएटरमध्ये निमंत्रित श्रोत्यांसमोर तासाभराची मैफल करून बघितली. तो प्रयोग जमला आणि त्यातून रेडिओवर रॉकच्या अख्ख्या मैफलींची प्रथा पडली. एरवी दोन-तीन मिनिटांत गाणं संपवणाऱ्या माध्यमात ही केवढी उडी! मग १ एप्रिल १९७१, पॅरिस थिएटर. पॅरिस नावाचं, पण लंडनमध्ये, लोअर रीजंट स्ट्रीटवर, जमिनीखालचं जुनं सिनेमागृह. साधारण चारशे माणसं, सूत्रसंचालन जॉन पीलचं. खरं तर कार्यक्रम आठवडाभर आधी व्हायचा, प्लँटचा गळा बसला म्हणून पुढे गेला. तोवर हे अमेरिकेत प्रचंड सभागृहं भरत होते आणि इथे पहिल्या रांगेचे गुडघे जवळजवळ स्टेजला लागताहेत. रेडिओचा तास साठ मिनिटांचा आणि हे वाजवणार त्याहून जास्त. म्हणून प्रक्षेपणात बरंच कापलं. ते समजू शकतो. पण ‘होल लॉटा लव्ह’च्या पोटात हे जुन्या रॉक अँड रोलची आणि ब्लूजची जी माळ ओवायचे, तिचे काही मणी १९९७ च्या सीडीवरही काढून टाकले. सीडीत जागा मोजकी असते, मला माहीत आहे, उगाच सांगायला येऊ नका.

या मैफलीत ‘स्टेअरवे टू हेवन’ आहे. त्याची एलपी निघाली नोव्हेंबरमध्ये. म्हणजे पॅरिस थिएटरमधल्या बहुतेकांनी हे गाणं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आज पहिल्या चार सुरांना लोक ओरडतात. तिथे कोणाला ओरडायचं कारणच नव्हतं. जवळपास महिनाभर आधी बेलफास्टला ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोक कंटाळून ओळखीच्या गाण्याची वाट बघत होते, असं जोन्सनेच पुढे सांगितलंय. रेकॉर्डवर सुरुवातीला जोन्सचे रेकॉर्डर आहेत, ते लाकडी पाव्यासारखं वाद्य. इथे ते नाहीत. जोन्स कीबोर्डवर बसलाय आणि पायाने बेसचे सूरही दाबतोय. पेजच्या गळ्यात दोन मानांची गिटार. कोणती तार कोणाची, एवढंच धरून ऐकलंत तरी माझं सगळं व्याख्यान त्यात आलं.

लावतोच. गाणं पावणेनऊ मिनिटांचं आहे, गिटारचा सोलो सुरू व्हायला सहाएक मिनिटं लागतात, आणि सचिव खुणावताहेत की हॉल सहा मिनिटांत सोडायचाय. म्हणजे आपण नेमके सोलोच्या तोंडाशी बाहेर पडणार. सचिवसाहेब, पुढच्या भजनी मंडळाला जरा चहा पाजता का? तेवढ्यात उरकतो. लाव रे बाळा, आवाज पूर्ण.