कुत्रं बारा वर्षं खातं

(साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून थोडी काटछाट केली आहे.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय : 'छोटा श्वान-निवारा : मदतीचे पाच मार्ग'. त्यातला श्वान माझा नाही. मी 'कुत्री' लिहून दिलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, फळ्यावर बरं दिसत नाही. पाच मार्ग मात्र माझेच. मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

तुमच्यातले निम्मे लोक वेगळ्याच आशेने आलेत, हे मला ठाऊक आहे. 'मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त' ऐकायचाय तुम्हाला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 ला सांगितलं, दिल्लीतली कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं : नसबंदी करा, लस टोचा आणि उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, एसटी स्टँड यांच्यापुरता पुन्हा निराळा आदेश आला. तेव्हापासून आपल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी दोन खंडपीठं बसतात. मी दोन्हीकडे जाऊन येतो. मला एवढंच विचारायचं असतं, की 'निवाऱ्यात ठेवा' म्हणजे नेमकं कुठे ठेवा? यावर दोन्ही खंडपीठं चहा मागवतात.

भांडण जुनंच आहे. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला घेतली, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद झाली, लष्कराची रसद अडवली गेली. पुढे 1874 ला प्राण्यांसाठी संस्था निघाली आणि परळला बैलघोडा हॉस्पिटल उभं राहिलं. मुंबईला नोकरी केलेल्यांना ते माहीत असेल. दिनशा माणेकजी पेटिटांनी पैसा दिला आणि पत्नीचं नाव दिलं. त्या काळी असा एक पेटिट पुरायचा. आता पेटिट मिळत नाहीत, असं लोक हळहळून म्हणतात. मी आज सांगायला आलोय की मिळाले तरी जपून. ते कसं, त्याकडे येतो.

आधी एक कबुली. मी कुत्र्यांना भितो. चौथीत असताना चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली आहेत. इथे आणखी कोणी चौदावाले आहेत का? हां, तीन हात वर आले. आता दंडात टोचतात, चार-पाचांत भागतं. विषय निघालाच आहे तर सांगतो : चावलं तर आधी जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. जखमेत तिखट भरू नका, चुना भरू नका. आमच्या आजीने तिखट भरलं होतं. कुत्र्यापेक्षा आजीचीच आठवण जास्त झोंबते.

तर असा माणूस कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेला कसा? बँकेतून निवृत्त झालो, त्याच्या दुसऱ्या महिन्यात गावाबाहेर निवारा चालवणाऱ्या एक ताई घरी आल्या. त्यांचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लोक त्यांच्या दारात कुत्रं बांधून जातात. हातात पिशवी, पिशवीत औषधांची बिलं, निम्मी भिजलेली, एक चावलेलं. म्हणाल्या, "काका, एवढी वही बघून द्याल का?" मी म्हटलं, बघतो. आज सात वर्षं झाली, बघतोच आहे. मी कुंपणाच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि आतून मला मोती बघत असतो. आमचे संबंध सलोख्याचे आहेत, पण औपचारिक.

ती वही नीट लावली तेव्हा निवाऱ्यात अडतीस कुत्री होती. महिन्याचा खर्च सांगतो, बँकवाल्याला तेवढंच येतं. तांदळाची कणी, कुत्र्यामागे दिवसाला दोनशे ग्रॅम, महिन्याला साडेसात हजारांच्या आतबाहेर. कोंबडीचे पाय, मुंडकी, पोटकळेजी रोज सहा किलो, साठ रुपये किलोने दहा हजार आठशे. साफसफाई करणाऱ्या पोराचा पगार बारा हजार. तोही कमीच आहे. डॉक्टर, लसी, गोचिडांची औषधं मिळून आठ हजार. जागेचं भाडं चार, वीज-पाणी अडीच. पंचेचाळीस हजारांना दोन-पाचशे कमी. म्हणजे कुत्र्यामागे महिन्याला बाराशे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओढाताण होती, पण चाललं होतं. आणि मग देणगी आली.

एक सद्गृहस्थ वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी आले होते. वडिलांना कुत्र्यांचा लळा होता. त्यांनी एकरकमी लाख रुपयांचा चेक दिला. ताईंच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, कारण इतका स्वच्छ लिहिलेला चेक मी किती वर्षांनी पाहत होतो. पत्र्याची नवी शेड झाली, त्यावर वडिलांच्या नावाची पाटी लागली. देणाऱ्याचं मन निर्मळ होतं, त्यांच्याबद्दल मी वावगा शब्द बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर फोटो आला : निवाऱ्याला लाखाची देणगी.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात लॅब्राडॉर बांधलेला. सोबत त्याचं भांडं, गादी आणि चिठ्ठी, 'बदली झाली आहे, बिस्किटाशिवाय खात नाही.' मग एक आजोबा पॉमेरियन घेऊन आले. सूनबाईंना दम्याचा त्रास म्हणे. (सूनबाई बाहेर स्कूटरवर बसल्या होत्या, चांगल्या खणखणीत आवाजात 'आटपा' म्हणाल्या.) मग एक हस्की. साताऱ्यात हस्की! एप्रिलमध्ये! बर्फात गाडी ओढायचा जीव तो, इथे पाण्याच्या टाकीला पोट लावून धापा टाकत पडला होता. कासला फिरायला म्हणून निघालेली मंडळी यवतेश्वराच्या घाटात कुत्रं उतरवून पुढे जातात. तीही मग इथेच येऊन पोचतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच : "ताई, तुमच्याकडे आता पैसे आलेत ना."

पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे बरं का. 1960 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. घाट चढायचं पेट्रोल त्याहून महाग पडतं.

मी ताईंना म्हणायचो, नाही म्हणा. त्या म्हणायच्या, "काका, तुम्ही कुंपणाबाहेर बसता, तुम्हाला सोपं आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. चार महिन्यांत अडतीसची एकसष्ट झाली. आता मघाचा आकडा काढा. तेवीस नवी कुत्री, बाराशेप्रमाणे महिन्याला सत्तावीस हजार सहाशे. शेडवर एक रुपया न घालता लाख रुपये जसेच्या तसे ठेवले असते, तरी साडेतीन महिन्यांच्या वर फारसे गेले नसते. आणि कुत्रं बारा वर्षं जगतं. कर्ज देताना आम्ही फेडीची मुदत बघायचो. देणगी घेताना खाणाऱ्या तोंडाची मुदत कोणी बघत नाही.

त्यातच एका खोक्यात पाच पिल्लं आली. तिसऱ्या दिवशी एकाला रक्ताचे जुलाब. पार्व्हो. हा रोग 1978 च्या सुमारास जगभर पसरला, त्याआधी कुत्र्यांत तो कोणाला माहीत नव्हता. आमचा पोरगा दिवसातून तीनदा फिनाईलने फरशी पुसत होता, जीव तोडून. डॉक्टर आले, वास घेतला आणि म्हणाले, हा विषाणू फिनाईलला भीक घालत नाही, ब्लीच लागतं. जमिनीत तर तो महिनोन् महिने टिकून राहतो. तोवर सगळीकडे पसरला होता, कारण गर्दीत वेगळं ठेवायला जागाच उरली नव्हती. नव्या शेडमध्येही दाटीवाटी. नऊ पिल्लं गेली. तो पोरगा त्यानंतर आठ दिवस आलाच नाही. मी पगार कापला नाही. वहीत 'रजा' लिहिलं.

लाखाची देणगी आली, त्या वर्षाअखेर निवारा सत्तर हजारांच्या उधारीत होता. औषधांचं दुकान, कोंबडीवाला, सलाईनची बिलं. पाटी मात्र अजून चकाकते.

तसाच एक किस्सा लग्नाचा. रात्री अकराला टेम्पो येतो : मसालेभात, जिलबी, मठ्ठा. 'अन्न वाया जाऊ नये म्हणून.' भावना उत्तम. पण त्या भातात कांदा असतो, गोडात बेदाणे असतात, आणि कांदा-बेदाणे कुत्र्याला विषासारखे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं बिल वऱ्हाडाकडे पाठवायची सोय नसते. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. मसालेभाताचं पातेलं घेऊन नव्हे. आणि वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्यांबद्दल तर मी…

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अक्षर सेक्रेटरींचं. अहो, मार्ग पाच आहेत, मिनिटाला एक. बरं, घ्या.

पहिला आणि खरा मार्ग : दरमहा तीनशे रुपये. लाख नकोत. दीडशे माणसांनी तीनशे दिले की पंचेचाळीस हजार होतात, म्हणजे अडतीस कुत्र्यांचा महिना निघतो. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या किंवा मोबाइलवर ऑटोपे लावा, म्हणजे दर महिन्याला मन मोठं करायची गरज पडत नाही. दोघा-चौघांनी बंद केलं तरी निवारा कोसळत नाही, आणि दीडशे नावं पेपरात छापून येत नाहीत, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. प्राप्तिकराचं विचाराल. संस्थेकडे 80जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, आहे. पण दोन हजारांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, आणि नवी करपद्धत घेतली असेल तर ही वजावट मुळातच नाही. तेव्हा करासाठी देऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे तात्पुरतं घर. आलेलं पिल्लू पहिले दोन आठवडे एखाद्याच्या अंगणात, बाकीच्यांपासून लांब राहिलं असतं, तर मघाशी सांगितलेली नऊ कदाचित गेली नसती. लसी सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. तेवढे दिवस ज्यांना झेपेल त्यांनी सांभाळायचं. अट एकच : घरात दुसरं बिनलशीचं कुत्रं नको.

तिसरा, तुमचा धंदा. इथे वायरमन होते ना कोणी? पंप बघायला माणूस हवाय. ज्यांना फॉर्म भरता येतात त्यांनी ते भरा. प्राप्तिकर खात्याला द्यायचं देणगीदारांचं विवरण 31 मेपर्यंत भरावं लागतं, उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये. दोनशे रुपये म्हणजे सव्वातीन किलो पोटकळेजी, मी तसंच मोजतो. आणि फोन उचलायला एक खमकी बाई हवी आहे, जिला 'जागा नाही' म्हणता येतं. हे ताईंच्याने होत नाही, माझंही तिथे कोणी ऐकत नाही. चाळीसच्या वर एकही नाही, असं आम्ही समितीत ठरवलंय. ते दारात उभं राहून सांगायला माणूस नाही.

चौथा, नगरपालिका. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे. आपण रस्त्याच्या खड्ड्यांसाठी निवेदनं देतो, त्यातच एक कलम वाढवा : या वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, आकडा द्या. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं की समजायचं, याची नसबंदी झालीय. तुमच्या गल्लीत मोजून बघा किती आहेत. मी माझ्या गल्लीत मोजली, लांबूनच.

पाचवा… सेक्रेटरी उठून उभे राहिलेत. पाचवा जुनी वर्तमानपत्रं आणि गोणपाटांबद्दल होता, पण आधी विचारून आणा एवढंच त्यात होतं. बाकी चहा घेताना सांगतो. तीनशेवाल्यांसाठी वही दाराशी ठेवली आहे. पेन दोरीने बांधलंय, बँकेची सवय. नेऊ नका.